गोस्से होडी विकत घेतो

आल्डमार गावात लोक गोस्सेला चेहऱ्यापेक्षा त्याच्या उजव्या हातावरून जास्त ओळखत. हात चांगला ताटलीएवढा, तळवा टणक आणि बारा महिने गरम. लीउवार्डनच्या गुरांच्या बाजारात दर शुक्रवारी, असं चाळीस वर्षं, तो हात टाळ्या देत आला होता. तिथे किंमत नुसती तोंडाने सांगून भागत नाही. घेणारा आकडा बोलतो आणि विकणाऱ्याच्या तळव्यावर फाडकन टाळी देतो. विकणारा आपला आकडा बोलून उलट टाळी देतो. असं करत दोघं जवळ जवळ येतात, आणि एकाने दुसऱ्याचा हात धरून ठेवला की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही, आणि धरलेल्या हातावरून मागे फिरलेल्या माणसाला आमच्या फ्रीसलँडात कुणी कोंबडीसुद्धा विकत नाही.

गोस्से बाजारातून निवृत्त झाला, पण हात झाला नाही. एका सोमवारी त्याने बेकरीत साखरपावाची किंमत ऐकून सवयीने टाळी दिली, तेव्हा बेकरीवाल्याच्या हातावरचं पीठ दुकानभर उडालं आणि रांगेतली तीन माणसं पांढरी झाली. नाताळचं झाड तो चोवीस तारखेच्या संध्याकाळी घ्यायचा, कारण त्या वेळी झाडवाल्याची पाठ भिंतीला लागलेली असते. दुकानातल्या वस्तूवर छापील किंमत दिसली की त्याला ती सुरुवात वाटायची. सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं म्हणजे त्याच्या लेखी चारचौघांत पँट सुटण्यासारखं होतं.

पण खरी गोम हातात नव्हती, तोंडात होती. व्यापारातला पहिला धडा असा, की जे हवं आहे त्याची स्तुती करायची नाही. केली की किंमत वाढते. गोस्सेने हा धडा इतका गिरवला, की शेवटी त्याला चांगलं म्हणताच येईना. उत्तम गाय दिसली की तो दुःखी चेहऱ्याने विचारायचा, "ही आजारी आहे, की जन्मापासून अशीच?" पहिली मुलगी झाली तेव्हा पाळण्यात डोकावून म्हणाला, "कान जरा मोठे आहेत." आणि स्वतःच्या लग्नात धर्मगुरूंनी "ही बायको म्हणून मान्य आहे का?" असं विचारलं, तेव्हा हा पठ्ठ्या छताकडे बघत राहिला, हनुवटी खाजवली आणि दाराकडे दोन पावलं निघालासुद्धा. आईने कोटाला धरून मागे ओढला म्हणून लग्न लागलं. त्याला निघून जायचं नव्हतंच हो. लगेच हो म्हणायचं नसतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्याची बायको बाउक्ये. शेचाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःबद्दल ऐकलेलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "याहून वाईट असू शकतं." आमच्याकडे हे तसं कमी नाही, पण शेचाळीस वर्षांना ते पुरत नाही.

तर गोष्ट होडीची. बाउक्येचा बाप तळ्याकाठची लव्हाळी कापून पोट भरायचा. बाउक्ये जन्मली त्या वर्षी त्याने स्वतःच्या हातांनी एक शिडाची होडी बांधली. ओकच्या लाकडाची, बुटकी, गोल पोटाची, दोन्ही कुशींना कानांसारख्या फळ्या. नाव ठेवलं पाणकोंबडी. बाउक्ये चालायला शिकली त्याच सुमाराला सुकाणू धरायलाही शिकली. पण ती एकवीस वर्षांची असताना आईचं आजारपण आलं, आणि बापाने होडी विकली. घेतली ती शाळेतल्या हिन्केबाईंनी. बाईंनी ती जिवापाड जपली, दर उन्हाळ्यात एकट्या तळ्यावर जायच्या, आणि बाउक्ये काठावरून शीड बघून घरात परतायची. आता बाई त्र्याऐंशीच्या झाल्या होत्या. त्यांचे गुडघे होडीत उतरायला नाही म्हणू लागले. त्यांनी धक्क्यावर एक पाटी लावली: "पाणकोंबडी विकणे आहे. चार हजार युरो."

बाउक्येने ती पाटी वाचली आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, "बाई होडी विकतायत म्हणे." त्या दिवशी बटाट्यांत मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं. तिसऱ्या दिवशी गोस्सेने ताटली बाजूला सारली.

"तुला हवी आहे का ती?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"मीठ म्हणतंय."

तेव्हा ती बोलली. "हवी आहे. पुढच्या महिन्यात मी सत्तरीची होतेय. तुझ्या गाईंच्या मागे माझं अर्धं आयुष्य गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता मला पाणी हवंय. पैसे दोघांच्या खात्यात आहेत, मी जाऊन घेऊन येऊ शकते. पण मला ती तू घेऊन द्यायला हवी आहे. एकदा तरी तू मला एखादी गोष्ट घेऊन दे, जी मला हवी आहे म्हणून घेतलीस, स्वस्त पडली म्हणून नाही."

गोस्से म्हणाला, "बघतो." पण बाजाराच्या सवयीने त्याने शुक्रवार उजाडेपर्यंत वाट पाहिली, आणि तोवर बातमी आली की सीमेपलीकडच्या कुणा दंतवैद्याने बाईंना फोन केला आहे, आणि तो शनिवारी अकरा वाजता गाडी आणि ट्रेलर घेऊन येणार आहे.

शनिवारी सकाळी साडेनऊला गोस्से धक्क्यावर हजर झाला. बाजारातला करडा लांब डगला, हातात काठी, पायात लाकडी खडावा. हिन्केबाई घडीच्या खुर्चीवर बसून मोजा विणत होत्या. बाईंनी गोस्सेला दुसरीत गणित शिकवलं होतं. बाई स्वभावाने सरळसोट, घासाघीस म्हणजे त्यांच्या मते खोटं बोलण्याचाच प्रकार. चार हजारांची वस्तू पाच हजार सांगणारा एकदा खोटं बोलतो, आणि तीन हजार म्हणणारा दुसऱ्यांदा. त्यांनी आयुष्यात एकच किंमत सांगितली आणि एकच किंमत दिली.

"बाई, ही विकायची आहे की जाळायची?" गोस्सेने सुरुवात केली.

"चार हजार."

त्याने धक्क्यावरून होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. कुशीवर काठी ठोकली. मग दोन्ही हातांनी होडीचं तोंड धरून, गाईचे दात बघावेत तसा, आत वाकून पाहू लागला.

"वय फार आहे."

"बाउक्येएवढं," बाई म्हणाल्या.

गोस्सेने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "डावीकडून लंगडते."

"ती होडी आहे, गोस्से."

"अडीच हजार," तो म्हणाला आणि ताटलीएवढा हात बाईंपुढे धरला.

बाईंचे दोन्ही हात सुयांत गुंतलेले. त्यांनी वर पाहिलंही नाही. गोस्सेचा हात हवेत राहिला. असा हात हवेत ठेवून उभं राहणं किती अवघड असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. शेवटी त्याने तो खांद्यावरची माशी उडवल्यासारखा परत घेतला.

"मग मी निघतो," तो म्हणाला.

"नीट जा."

आता निघून जाण्याचंही एक शास्त्र आहे. घेणारा तीनदा निघून जातो, आणि दर वेळी विकणाऱ्याने त्याला हाक मारायची असते. गोस्से सावकाश चालत कालव्यावरच्या उचलपुलापर्यंत गेला. तिथे सीप बसला होता. सीप पुलाचा राखणदार. होडी आली की पूल उचलायचा, आणि गळाच्या काठीला बांधलेली खडाव खाली सोडून तिच्यात पैसे घ्यायचा. त्याला पुलावरून सगळा धक्का दिसायचा, आणि तोच त्याचा मुख्य उद्योग होता.

"बोलावलं का रे?" गोस्सेने मान न वळवता विचारलं.

"नाही. टाच विणतायत."

"अजून?"

"टाच झाली. आता पाऊल."

गोस्से परत गेला. "तीन हजार, आणि नांगर त्यातच." हात हवेत. बाईंनी एक टाका घातला. गोस्से दुसऱ्यांदा निघाला, या वेळी बेकरीपर्यंत गेला आणि उगाच काचेतून केक बघत उभा राहिला. बेकरीवाल्याने घाईघाईने हात पाठीमागे नेले. हाक आली नाही. गोस्से परतला, "साडेतीन," म्हणाला, हात पुढे केला, आणि बाई म्हणाल्या, "गोस्से, तुझ्या सावलीत मला टाके दिसत नाहीत."

तिसऱ्यांदा तो थेट घरी गेला. बाउक्ये स्वेटर घालून ओट्याशी बसली होती. किटली थंड होती.

"घेतलीस?"

"बोलावतील आता. तीनदा निघालो मी."

"बाई कुणाला बोलावत नसतात. शाळा सुटल्यावरसुद्धा बोलावलं नाही कधी. पावणेअकरा झालेत, गोस्से."

तो खुर्चीत बसला. त्याचा चेहरा पडला होता. "बाउक्ये, सांगितलेल्या किमतीला? मी? उद्या चर्चमध्ये लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गोस्सेने होडी घेतली."

"पाठीमागे हसतील."

"तसे ते हसतातच," ती म्हणाली आणि उठली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ती नाक ओढत होती, आणि बाउक्येला सर्दी कधी होत नसे. "मी धक्क्यावर जातेय. होडी जाताना बघायला तरी."

ती दारातून बाहेर पडली तसा गोस्से खुर्चीतून ताडकन उठला. एकदा एका व्यापाऱ्याने त्याच्या नाकासमोरून बारा गाई नेल्या होत्या, तेव्हाही तो असा उठला नव्हता. तो खडावा खडखडवत तिच्या मागे धावला.

पुलावर पोचला तेव्हा पलीकडच्या रस्त्यावर ट्रेलर जोडलेली निळी गाडी वळत होती. सीपने गाडी पाहिली, गोस्सेला पाहिलं, मग बाउक्येला पाहिलं. कालव्यात एकही होडी नव्हती. एक बदक होतं. सीपने गंभीर चेहऱ्याने पूल उचलला. गाडी पलीकडे थांबली. सीपने खडाव खाली सोडली आणि बदकापुढे धरली.

"बदक सावकाश चाललंय," तो गोस्सेला म्हणाला. "दहा मिनिटं. जास्त नाही."

गोस्से धक्क्यावर उभा राहिला. समोर बाई विणतायत, बाजूला बाउक्ये दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून उभी. चार हजार हे दोन शब्द त्याच्या गळ्यापर्यंत येत होते आणि तिथून परत जात होते. त्याला खरंच म्हणायचं होतं. पण समोरून टाळीच आली नाही, तर माणसाने एखाद्या आकड्यापर्यंत पोचायचं तरी कसं? पायऱ्याच नाहीत तर माडीवर चढायचं कुठून?

मग त्याने एक गोष्ट केली, जी लीउवार्डनच्या बाजारात कुणी केली नव्हती. त्याने डावा हात पुढे धरला, आणि उजव्या हाताने त्याच्यावर टाळी दिली.

"साडेतीन हजार," उजवा हात म्हणाला.

मग गोस्से दोन पावलं सरकून पलीकडे उभा राहिला, तोंड उलट दिशेला केलं, आणि डाव्याने उजव्यावर टाळी दिली. "चार हजार."

"गोस्से," बाई म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का?"

"तुम्ही विणा, बाई." तो परत इकडे आला. "साडेतीन आणि एक पैसा नाही. लाकूड जुनं आहे." फाडकन.

आता डाव्याची पाळी आली, आणि इथे गोस्सेची पंचाईत झाली. विकणाऱ्याने माल चांगला आहे म्हणायला हवं, नाहीतर तो विकणारा कसला? गोस्से सचोटीचा व्यापारी होता, खोटी बाजू लढवणं त्याला जमलं नसतं. तो पलीकडे सरकला, घसा खाकरला, आणि चांगलं बोलायला लागला. शब्द गंजलेल्या बिजागरीसारखे निघत होते.

"लाकूड जुनं नाही, मुरलेलं आहे. ही होडी एका माणसाने विकायला बांधली नाही, मुलीसाठी बांधली. सत्तर वर्षांत पाण्याचा एक थेंब आत आला नाही." फाडकन. "चार हजार."

"पावणेचार. दिसायला गोलमटोल आहे." फाडकन.

"गोलमटोल आहे म्हणून वादळात बुडत नाही. असल्या गोलमटोल वस्तू आता मिळत नाहीत." टाळी जरा हळू पडली. डावा हात आता थांबेना. "आणि मी सांगतो ही कशी दिसते. पन्नास वर्षांपूर्वी मी याच पुलावरून सात गाई घेऊन चाललो होतो. खाली कालव्यातून ही येत होती, शीड भरून. सुकाणूवर एक मुलगी. अनवाणी. वेणी सुटलेली, आणि कुणीतरी पैज लावल्यासारखी हसत होती. मी गाईंकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिलो. असं काही सुंदर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही. एक गाय कालव्यात पडली तेव्हा मी भानावर आलो."

बाईंच्या सुया थांबल्या होत्या. पलीकडे दंतवैद्याने सभ्यपणे एकदा भोंगा वाजवला.

"त्या गाईचा पाय मुरगळला," डावा हात पुढे म्हणाला, "आणि ती मला साडेपाचशे गिल्डर तोट्यात काढावी लागली. आजचे अडीचशे युरो. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणून ते धरून, सव्वाचार हजार."

आणि डाव्याने टाळी दिली. गोस्से इकडच्या जागेवर परत आला. आता उजव्याने तोंड वाकडं करून चार हजाराच्या खाली काहीतरी बोलायचं होतं. उजवा वर उचलला गेला, पण जे ऐकलं ते खोटं नव्हतं. उजवा खाली आला आणि त्याने डाव्याला गच्च धरलं.

सौदा झाला. सव्वाचार हजार. गोस्सेने स्वतःच्याच हातांकडे पाहिलं. सांगितलेल्या किमतीपेक्षा अडीचशे वर, आणि हात धरलेला.

"हे काय केलंस?" हिन्केबाई म्हणाल्या. "माझी किंमत चार हजार आहे."

"बाई, हात धरला गेला. आता मागे फिरता येत नाही."

"मी जास्तीचं घेणार नाही. ती चोरी झाली."

"मग मी बाजारात तोंड कसं दाखवू? बरं, चार हजार दोनशे."

"चार हजार."

"दीडशे. शेवटचं."

"चार हजार, गोस्से."

"शंभर. माझी लाज राखा."

बाईंनी मोजा मांडीवर ठेवला. खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या, गोस्सेचा उजवा हात मनगटाला पकडून सरळ केला आणि त्याच्या तळव्यावर सणसणीत टाळी दिली. दुसरीत पट्टी मारताना लावला असेल तेवढा जोर लावून.

"चार हजार," त्या म्हणाल्या, "आणि एक सेंटही वर नाही." आणि तो हात सोडायला हवा हे ठाऊक नसल्यामुळे त्या तो धरूनच उभ्या राहिल्या.

पुलावरून सीप ओरडला, "बाई अडीचशेनं खाली आल्या हो!"

बाईंचे कान लाल झाले. "ही घासाघीस नव्हती."

"नाही बाई, अजिबात नाही," गोस्से म्हणाला, पण त्याची छाती डगल्यात मावत नव्हती. त्र्याऐंशी वर्षांत ज्या बाईंनी एक पैसा सोडला नाही, त्यांना त्याने अडीचशेंनी उतरवलं होतं, आणि सौदा त्यांनी स्वतः हात धरून पक्का केला होता. सीप सोमवारपर्यंत ही बातमी लीउवार्डनला पोचवणार, यात शंका नव्हती. पूल खाली आला, निळी गाडी धक्क्यावर पोचली, आणि बाईंनी दंतवैद्याला होडीऐवजी कॉफी दिली. एक कप, एक बिस्किट, आणि लगेच डब्याला झाकण.

बाउक्ये कधीच होडीत उतरली होती. तिने खडावा काढून धक्क्यावर ठेवल्या होत्या. गोस्से धडपडत आत आला, कारण पन्नास वर्षांत तो कधी कशात तरंगला नव्हता, आणि फळीवर बसून वाट बघू लागला की ती आता अडीचशेंबद्दल काही बोलेल.

तिने शीड ओढून घेतलं, दोर बांधला, सुकाणूचा दांडा काखेत धरला. पाणकोंबडी धक्क्यापासून सुटली.

"ती गाय आपणहून घसरली, असं सांगत आलास तू," ती म्हणाली.

"ते डावा हात बोलला. विकणाऱ्याला बोलावं लागतं."

"मग आता विकणारा कोण आहे?"

गोस्सेने मागे वळून पाहिलं. धक्का लांब गेला होता. तिथे बाई, दंतवैद्य आणि सीप एवढेएवढेसे दिसत होते. आजूबाजूला पाण्याशिवाय काही नव्हतं. त्याने हनुवटी खाजवली, आकाशाकडे पाहिलं, आणि दोन पावलं निघून जायला जागा नव्हती म्हणून जागेवरच बसून राहिला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "तू सुंदर होतीस. अजून आहेस."

बाउक्येने सुकाणू इतक्या जोरात फिरवलं की होडी कुशीवर कलली आणि गोस्से फळीवरून घसरून आत तळाशी जाऊन बसला. ती हसत होती, वेणी सुटली होती. तो तिथूनच, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, तिच्याकडे बघत राहिला, आणि या वेळी त्याच्याबरोबर सांभाळायला एकही गाय नव्हती.